आधी रिकामं दाखवा

जिवंत माणसाला उभं राहून श्रद्धांजली वाहण्याचा मान आमच्या सोसायटीत फक्त मला मिळालेला आहे.

आमचे चेअरमन अण्णा यांची पंचाहत्तरी होती. बिबवेवाडीतल्याच एका हॉलमध्ये हार, शाल, श्रीफळ असा सगळा थाट. प्रास्ताविक माझ्याकडे असल्यामुळे मी पहिल्या रांगेत ओठातल्या ओठात घोकत बसलो होतो. एवढ्यात माइकवरून आवाज आला, "एक मिनिट कोणीच बोलू नका जी. पूर्ण शांतता पाहिजे."

सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पायांना एवढं वाक्य पुरतं. मी उठलो, हात बांधले, मान खाली घातली. प्रास्ताविक करणाराच उठला म्हटल्यावर दुसरी रांग उठली, मग तिसरी. बघता बघता सगळा हॉल माना खाली घालून उभा. अण्णाही उठले. गळ्यात झेंडूचा हार, हात जोडलेले, डोळे मिटलेले. अर्ध्या मिनिटानं त्यांनी शेजारच्या सेक्रेटरींना हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"अजून कोणी नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बसा."

हे माइकवरून सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

ज्यांनी शांतता मागितली होती, त्या गृहस्थांना मात्र अण्णांचं काहीच नव्हतं. ते माझ्यापाशी आले आणि मनापासून दुःखी होऊन म्हणाले, "भाऊ, तुमच्या उठण्यानं खुर्च्या वाजल्या ना जी. माझं एक मिनिट रिकामं वाया गेलं."

हे गजभिये. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळ भंडाऱ्याकडचे. एका सरकारी खात्याच्या ध्वनिमुद्रण विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झाले तो काळ म्हणजे बिबवेवाडीत घरोघरी हप्त्यांवर कॉम्प्युटर येत होते आणि त्यांवर मुलं अभ्यास सोडून बाकी सगळं करत होती. गजभियांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर क्लास लावला. पहिले दोन दिवस क्लासवाल्यांनी त्यांना कोणाचे तरी वडील समजून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते आत गेले आणि सहा महिन्यांनी स्वतः प्रोग्राम लिहायला लागले. आवाजातली घरघर काढणारा, सूं-सूं काढणारा. त्या प्रोग्रामला ते 'गाळणी' म्हणत. कोणाच्याही समारंभाचं रेकॉर्डिंग ते हौसेनं करून देत. अट एकच, सुरुवातीला एक मिनिट कोणी बोलायचं नाही. ह्या मिनिटाला ते 'रिकामं' म्हणत. रिकामं नीट असेल तरच भरलेलं नीट येतं, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

पुण्यात पस्तीस वर्षं काढूनही त्यांचं 'करून राहिलो' आणि 'जी' सुटलं नव्हतं. आमच्या पुण्यात 'जी' लावून बोलणारा माणूस दारात आला, की आतून "काही नकोय" असा आवाज आधी येतो. गजभियांना पहिल्या दिवशी आमच्या दारात तोच ऐकू आला होता. आवाज माझा होता आणि ते बुद्धपौर्णिमेची खीर द्यायला आले होते.

त्यांच्याबरोबर मंडईत जाणं हा माझ्या आयुष्यातला धाडसाचा कळस. गवारवाल्या बाईंपुढे उभे राहून ते म्हणत, "आधी रिकामं दाखवा."

"रिकाम्या तागडीत काय बघायचं काका?"

"तेच जी. काहीच नाही दिसलं पाहिजे."

बाई तागडी उचलत. एक पारडं गव्हाच्या दाण्याइतकं खाली. गजभिये वाकून बघत.

"पासंग आहे."

"लावलाय की! हा काय दोऱ्याला खडा बांधलाय, दोन्ही पारडी सारखी व्हायला."

"हाव, पण खडा जास्त झाला. तुम्ही काहीच न ठेवता हिच्यात काहीतरी ठेवलेलं आहे."

मग ते स्वतः खडा सोडत, लहान शोधत, बांधत. मागे गिऱ्हाइकांची रांग. त्या रांगेतल्या शेऱ्यांवर एक पुस्तक होईल. दहा मिनिटांनी पारडी एका रेषेत आली, की हे पाव किलो गवार घेणार. "काका, घेणं पावशेराचं आन् तपासणी पाच किलोची," बाई म्हणत. पुढे पुढे त्या गजभियांना लांबून बघूनच रिकामी तागडी उंच धरायच्या, ओवाळल्यासारखी.

अशा माणसाशी माझा खरा संबंध आला तो वैशालीमुळे.

वैशाली आमच्या ऑफिसची टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही. पण दीडशे एक्स्टेन्शनं तोंडपाठ, आणि 'हॅलो' म्हटलं की साहेबांचं रात्रीचं जागरणसुद्धा ओळखायची. एक दिवस बातमी आली, की नवं आपोआप चालणारं एक्स्चेंज बसणार. त्याला ऑपरेटर लागत नाही. म्हणजे वैशाली जादा ठरणार आणि जादा माणसाला जिथे जागा असेल तिथे टाकणार. ती जागा पुण्यात नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. घरी अंथरुणाला खिळलेली आई. एकच रस्ता होता. खात्याची परीक्षा पास झाली, की तिला इथेच कारकुनाच्या टेबलावर घ्यावं लागलं असतं. परीक्षेला अडीच महिने. आणि नियमपुस्तिका चारशे पानांची, तिच्यासाठी एकही अक्षर नसलेली.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या सौ. सुमननं भाजी निवडता निवडता निर्णय दिला, "मी वाचते. तुम्ही त्या गजभियांना सांगा." सुमन शाळेत मराठी शिकवायची. तिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, असं लोक म्हणतात. मी तो त्याच्या पलीकडेही ऐकला आहे.

गजभियांचं घर रस्त्याच्या बाजूला, आमची आतली खोली मागच्या बाजूला. म्हणून रेकॉर्डिंग आमच्याकडे, मुलासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर. मुलगा हॉस्टेलवर असल्यामुळे कॉम्प्युटर पहिल्यांदाच अभ्यासाला लागला. गजभिये रोज चारच्या ठोक्याला यायचे. सुमन एकेक नियम वाचायची, ते चुका नि खोकले कापून जोडायचे, पंख्याची घरघर गाळणीतून काढायचे आणि वैशालीच्या वॉकमनसाठी कॅसेट भरून द्यायचे. पहिली सहा प्रकरणं अशी तिच्या हातात गेली. वैशाली खूश, मी खूश, सुमन खूश.

गजभिये नाखूश. "टक येऊन राहिली."

"कसली टक?"

"प्रत्येक नियमाच्या जोडावर. ऐका."

मी हेडफोन लावून ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. पण तसं मला घरातही पुष्कळ ऐकू येत नाही, असं सुमनचं मत आहे. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आली. टक. करंगळीनं काच टिचकवावी एवढीशी.

त्यांनी पडद्यावर दाखवलं. मधोमध शून्याची बारीक रेघ. आवाज तिच्या वर-खाली डोंगरासारखा, आणि शांतता असेल तिथे फक्त रेघ. मग त्यांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. सुमनच्या वाचनातली शांतता रेघेवर नव्हतीच. केसभर खाली होती.

"पासंग!" गजभिये म्हणाले. "वहिनी काही बोलल्या नाही तरी हिच्यात काहीतरी ठेवलेलं आहे. आणि दोन नियमांच्या मध्ये मी शांततेची कोरी पट्टी जोडतो, ती बरोब्बर शून्यावर. म्हणजे जोडावर पायरी झाली. आवाज पायरी उतरला की टक."

"अहो, पण वैशालीची तक्रार नाहीये."

"तिच्या कानात जाऊन राहिलं ना जी. दिवसाचे पाच-सहा तास. आपण तिला खडे असलेले तांदूळ द्यायचे काय?"

आणि शोध सुरू झाला. एकेक वस्तू काढायची, प्रत्येक वेळी एक मिनिट रिकामं भरायचं, गाळणीतून काढायचं आणि रेघ बघायची. आधी माइक बदलला. मग वायर. मग फ्रीज बंद केला. आइस्क्रीमचं सरबत झालं. पाण्याचा पंप बंद ठेवायला सांगितल्यावर सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली: 'दुपारी ४ ते ६ पाणी येणार नाही. कारण विचारू नये. आम्हालाही समजलेले नाही.' सुमनच्या बांगड्या उतरल्या. भर वैशाखात पंखा बंद करून आम्ही तिघं घामाघूम होऊन शून्याची वाट बघत बसलो, आणि त्या पवित्र शांततेत एक लांबलचक गुरगुर झाली.

गजभियांनी डोळे न उघडता सांगितलं, "भाऊ, तुमचं पोट बोलून राहिलं."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दखल घेतली," सुमन म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मला साडेतीनला पोहे मिळू लागले. एवढ्यासाठी मी विज्ञानाचा ऋणी आहे.

ह्या रिकाम्या मिनिटांची मला हळूहळू गंमत वाटू लागली होती. आमच्या शांततेत केवढं काय काय होतं! खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, शेजारच्या बाईंची "अगं, चप्पल घाल!", आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. मी एकदा विचारलं, "हे रिकामं तुम्ही रात्री रस्ता थंडावल्यावर वर तुमच्याच घरी का नाही भरत? तिथे तर कोणी बोलणारंही नाही."

"भरलं ना. पहिल्यांदी तेच भरलं." गजभिये वायरीची गुंडाळी करत होते. त्यांची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी बंगलोरला कंपनीत. दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा. "माझ्या घरचं रिकामं एकदम चोख. काही नाहीच त्याच्यात. तुमच्याकडचं रिकामं भरल्यासारखं असते जी."

मी म्हटलं, "मग तुमच्याकडचंच उत्तम की!" ते हसले. सुमननं माझ्याकडे बघितलं. तिनं का बघितलं, हे मला त्या वेळी कळलं नाही.

टकेचा छडा शेवटी लागला तो माझ्यामुळे. म्हणजे माझ्या चुकीमुळे. गजभिये चहा पीत होते आणि मला म्हणाले, "ते बटण दाबा." मी भलतंच दाबलं. गाळणी लागलीच नाही. सुमनचं वाचन पंख्याच्या घरघरीसकट तसंच जोडलं गेलं. गजभियांनी हेडफोन लावला आणि कप तसाच हवेत राहिला.

"टक नाही! काय केलं जी तुम्ही?"

"मी? काही नाही."

"तेच तर! काही नाही केलं म्हणून साफ आलं."

ते पडद्यापुढे वाकले. बराच वेळ गेला. मग चष्मा काढून पुसत बसले. माइक शुद्ध, वायर शुद्ध, फ्रीज निर्दोष, माझं पोटसुद्धा निर्दोष. पासंग गाळणीत होता, आणि गाळणी त्यांनी स्वतः लिहिलेली. आकडेमोडीत जो अपूर्णांक उरे, तो त्यांचा प्रोग्राम दर वेळी खालच्या अंगालाच टाकून देत होता. सेकंदाला हजारो वेळा. त्या चिमूटचिमूट चुऱ्यानं अख्खी रेघ केसभर खाली बसवली होती.

"ज्यानं झाडू मारायचा, तोच कचरा टाकून राहिला होता," ते म्हणाले. "पासंग माझाच निघाला, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मंडईत बाईंनी सवयीनं रिकामी तागडी उंच धरली, तर गजभियांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "द्या," एवढंच म्हणाले. बाई घाबरल्या. "काका, बरं नाही का?"

तीन ओळी बदलल्यावर गाळणी दुरुस्त झाली. पुढची सगळी प्रकरणं आणि मागची सहाही पुन्हा भरून, टकेचा मागमूस नसलेल्या कॅसेट मी वैशालीच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. काय ते समाधान! परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

दोन दिवसांनी टेबलावरचा फोन वाजला. "काका, वैशाली बोलतेय, एक्स्चेंजवरून. टक कुठे गेली?"

"काढली!" मी अभिमानानं सांगितलं. "महिना घालवला गजभियांनी."

पलीकडे तिनं एक कॉल जोडून दिला. मग ती हळू म्हणाली, "काका, मी टका मोजत होते. कॅसेटला पानं नसतात ना. मागेपुढे पळवताना टक मोजली की नियम सापडायचा. गैरहजेरीचा नियम म्हणजे दुसऱ्या बाजूची नववी टक. असं सगळं पाठ केलं होतं. आता काही सापडतच नाही. पण त्यांना सांगू नका हं, प्लीज. त्यांनी इतकं केलंय."

सांगू नका म्हटल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चार वाजता गजभियांना सांगितलं. आधी इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगितलं. त्यांनी टाळूवरून हात फिरवला. सगळं रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरसाठी उतरवून घेतलं आणि निघताना सुमनला म्हणाले, "वहिनी, एक बशी द्या. दोन-चार दिवसांत आणून देतो."

आम्ही पुण्याचे. बशी दिली आणि कॅलेंडरवर 'बशी — गजभिये' असं लिहून ठेवलं.

चार दिवस ते आलेच नाहीत. पाचव्या दिवशी कॅसेटची पिशवी आणि बशी घेऊन आले. डोळे लाल. "जुनीच गाळणी लावली जी परत," एवढंच. माझ्यासमोर त्यांनी वैशालीला फोन लावला. "बाई, माफ करा. दुरुस्ती काही टिकली नाही. ती टक परत येऊन राहिली. ह्या म्हाताऱ्याच्यानं नाही निघत आता. चालवून घ्याल ना?"

ज्यानं गवारीच्या पासंगावर मंडई अडवली, तो माणूस आपण हरल्याचं सांगत होता, आणि चेहरा कसा, तर पारडी सारखी झाल्यासारखा.

वैशाली पास झाली. एक्स्चेंज आलं, तिचं टेबल माझ्यापासून तिसरं लागलं. ती पेढे घेऊन आमच्याकडे आली. गजभियांनाही बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून बरोब्बर चारला आले. अठरा मार्कांचा प्रश्न गैरहजेरीवरच कसा आला, लेखनिक मुलगी कशी गोंधळली, हे वैशाली रंगवून सांगत होती. सुमननं तिच्या हातात चहा दिला. कप उचलताना तिचं नख बशीला लागलं.

टक.

वैशाली बोलायची थांबली. तिनं पुन्हा नख लावलं. टक. चेहरा गजभियांच्या खुर्चीकडे वळवला.

"काका, जुनी टक परत आली म्हणालात ना तुम्ही?"

"हाव."

"जुनी कुठे लहान, कुठे मोठी यायची. नंतरची सगळीकडे अगदी सारखी. मला वाटायचंच, ही कुठली तरी ओळखीची वस्तू आहे." ती बशी कानाशी नेऊन हसली. "ही आहे. हातानं घातलीत ना? सगळ्या?"

सातशेच्या वर नियम होते. सातशे जोड, प्रत्येक जोडावर एक टक, एकसारखी, मोजून. गजभियांनी पेढ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. शेवटी अपराध्यासारखं म्हणाले, "जुन्या चुकीचा भरवसा नव्हता जी. कुठे ऐकू येत होती, कुठे नाही. तुमचा एखादा नियम हुकला असता तर?"

कोणीच काही बोललं नाही. मिनिटभर तरी. त्या मिनिटात कुकरची शिट्टी होती, घड्याळ होतं, आणि वैशालीनं बशीवर अगदी हलके वाजवलेलं नख.

ती गेल्यावर गजभियांनी आमच्या कॉम्प्युटरला लावलेल्या आपल्या वायरी सोडवायला घेतल्या. तीन वायरी होत्या. अर्धा तास लागला. प्रत्येक वायर पुसून, गुंडाळून, रबर लावून पिशवीत. मग दाराशी उभे राहिले.

"मग... आता झालं ना जी सगळं?"

"झालं!" मी मोठ्या मनानं म्हणालो. "फार त्रास दिला तुम्हाला. आता चार वाजता यायची कटकट नाही. तुम्हाला सुट्टी!"

"हाव. सुट्टी," ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.

मी वळलो तर सुमन कमरेवर हात ठेवून उभी. लग्नाच्या बावीस वर्षांत मला ते हात चांगले ओळखीचे झाले आहेत.

"सुट्टी काय सुट्टी?"

"का? काय चुकलं माझं?"

ती बशा गोळा करून आत गेली. नळाखालून तिचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"उद्या चारच्या आत वर जा आणि त्यांना सांगा, आपल्या कॉम्प्युटरवर टक येते आहे."

"कुठे येतेय? आत्ताच तर..."

"येते आहे," ती म्हणाली. "आणि म्हणावं, सापडेपर्यंत रोज यावं लागेल."